घानाच्या उत्तरेत नोकरी : कितपत सुरक्षित? माहितगारांनी कृपया लिहा

रानजाई

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ वीजवाहिन्यांच्या कामात आहे, टॉवर उभे करणं आणि सबस्टेशन. त्याला घानामध्ये दोन वर्षांची नोकरी चालून आली आहे. मुक्काम तमाले शहरात, पण साइट बोल्गाटांगा आणि त्याच्याही पूर्वेला, म्हणजे बुर्किना फासोच्या सरहद्दीला लागून. पगार इथल्यापेक्षा बराच बरा आहे. घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात जाऊ दे, शिकेल चार गोष्टी. आईने मालीत आपल्या माणसांना पळवून नेल्याची बातमी पाहिली तेव्हापासून तिला झोप नाही. आम्ही मिरजेचे, आफ्रिकेत ओळखीचं कोणी नाही.

मी माझ्यापरीने वाचलं. पाश्चात्त्य सरकारांचे प्रवाससल्ले पाहिले तर बहुतेक घाना 'काळजी घ्या' या खान्यात, आणि बावकू नावाच्या गावाभोवती मात्र 'जाऊ नका'. आपल्यासारख्यांनी यातून अर्थ काय काढायचा? कशाला किती वजन द्यायचं? 'धोका तर पुण्यातही आहे' अशी उत्तरं कृपया नकोत, ती नातेवाइकांकडून भरपूर मिळाली आहेत.

स्पष्टवक्ता

सरळ सांगतो, नको. १ जुलै २०२५ ला मालीत कायेसच्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीय उचलून नेले. त्याच महिन्यात नायजरमध्ये दोस्सो भागात दोन भारतीय मारले गेले, एकाला पळवलं. नोव्हेंबरमध्ये पुन्हा मालीत पाच जण, आणि ते कोणतं काम करत होते माहीत आहे का? विजेचं. तुमच्या भावाचंच. पैसा परत मिळवता येतो.

लागोसवाला

स्पष्टवक्ता, बातम्या खऱ्या आहेत, पण नकाशा उघडा. कायेस ते बोल्गाटांगा सरळ रेषेत हजार किलोमीटरहून जास्त. मालीत सरकारचं राज्य शहरांबाहेर कितपत चालतं हाच प्रश्न आहे. घानात दर चार वर्षांनी निवडणूक होते, हरलेला पक्ष घरी जातो. २०२४ च्या डिसेंबरमध्येच सत्ताबदल झाला. 'आफ्रिका' म्हणून एकच देश धरून चालू नका, एवढंच म्हणणं.

स्पष्टवक्ता

लोकशाही आहे म्हणून गोळी लागत नाही असं थोडंच आहे? बेनिनमध्येही निवडणुका होतातच. २०१९ मध्ये पेंजारी अभयारण्यातून दोन फ्रेंच पर्यटक पळवले, त्यांच्या वाटाड्याला मारलं. टोगोच्या उत्तरेत २०२१ पासून हल्ले चालू आहेत. आयव्हरी कोस्टला तर २०१६ मध्ये ग्रां-बासामच्या समुद्रकिनाऱ्यावर गोळीबार झाला. घानाच्या तिन्ही शेजाऱ्यांना आणि पलीकडच्या बेनिनलाही झळ लागली, मग घाना किती दिवस कोरडा राहील?

टेमाकर

मी घानातल्या टेमा बंदराजवळ राहतो, बायकोमुलांसह. कंपनीच्या कामासाठी तमाले-बोल्गा (बोल्गाटांगा) भागात वरचेवर जाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्पष्टवक्ता यांची चिंता चुकीची नाही. बुर्किनाच्या बाजूला जेएनआयएम या सशस्त्र जिहादी गटाचा जोर आहे. त्यांची माणसं विश्रांतीला, औषधपाण्याला, सामान भरायला घानाच्या उत्तरेत ये-जा करतात असं इथले अभ्यासकही सांगतात. पण टोगो-बेनिनमध्ये झाले तसे मोठे हल्ले त्यांनी आजवर घानात केलेले नाहीत. सरकारने सरहद्दीवर सैन्य वाढवलंय आणि काही संशयास्पद दिसलं तर कळवा अशी मोहीम गावोगाव चालवली आहे. उद्या चित्र बदलू शकतं, म्हणून डोळे उघडे ठेवायचे.

पण रानजाईताई, तुमच्या भावासाठी आजचा प्रश्न जिहादींचा नाहीच. प्रश्न बावकूचा आहे, आणि ते भांडण वेगळं आहे.

तमालेहून बोल्गा साधारण १६० किलोमीटर, सरळ उत्तरेला. बोल्गाहून बावकू अंदाजे ८० किलोमीटर, पूर्वेला. मधे झेबिला लागतं. तुम्ही 'बोल्गाच्या पूर्वेला' म्हणता, ते नेमकं कुठपर्यंत? झेबिलाच्या अलीकडे, पलीकडे, की गारू-पुसिगाच्या बाजूला? त्या एका उत्तरावर सगळं अवलंबून आहे. बोल्गाच्या पश्चिमेला नाव्रोंगो, पागा ही गावं आहेत. तिथे मी दिवसा निर्धास्त फिरलो आहे. बावकूला मात्र माझी कंपनी कोणालाही पाठवत नाही.

मुक्ता_नाशिक

टेमाकर यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलं. मी तमालेत शिया बटर तयार करणाऱ्या बायकांच्या गटांसोबत काम केलं आहे, त्यामुळे बावकूबद्दल थोडं.

तिथे कुसासी आणि मामप्रुसी या दोन समाजांत गावचा मुख्य कोणाचा यावरून कित्येक दशकांचा वाद आहे. २०२१ च्या अखेरीपासून तो पुन्हा पेटला. संचारबंदी, पुरुषांनी मोटारसायकल चालवायला बंदी (मोटारसायकलवरून येऊन गोळ्या झाडायचे म्हणून), सैन्याच्या बंदोबस्तात जाणारे ट्रकचे ताफे. बदली होऊन आलेले शिक्षक आणि नर्स गाव सोडून गेले. २०२४ च्या ऑक्टोबरनंतर झळ वालेवालेपर्यंत आली, आणि वालेवाले थेट तमाले-बोल्गा रस्त्यावर आहे, म्हणजे तुमच्या भावाच्या रोजच्या वाटेवर. २०२५ च्या जुलैमध्ये तर शाळकरी मुलं मारली गेली.

या भांडणात परक्या माणसाशी कोणाचं वैर नाही. पण रस्त्यावर गाडी अडवली की आत कोण बसलंय ते नंतर कळतं. ड्रायव्हर कोणत्या समाजाचा आहे यावरही तुमचं नशीब ठरू शकतं. कंपन्या परदेशी इंजिनीअरचा पासपोर्ट तपासतात, ड्रायव्हरच्या बाबतीत हा विचार करत नाहीत. भावाला सांगा, हा प्रश्न तोंडावर विचार.

आणि एक आशेची गोष्टही सांगते. तमालेजवळच्या येंडीत २००२ मध्ये दागोम्बांचा राजा, या-ना, मारला गेला होता. तेव्हा लोक म्हणायचे, दागबोनचं, म्हणजे दागोम्बांच्या राज्याचं, हे भांडण शंभर वर्षं मिटणार नाही. असांते समाजाचे राजे ओटुमफुओ यांच्या नेतृत्वाखाली ज्येष्ठ राजांच्या समितीने वर्षानुवर्षं बैठका घेतल्या आणि २०१९ च्या जानेवारीत नवा या-ना गादीवर आला. आज तमाले शांत, गजबजलेलं, सायकली-स्कूटरींचं शहर आहे. बावकूतही ओटुमफुओंनीच मध्यस्थी केली आहे.

भटका_विमुक्त

मोले अभयारण्यात हत्ती पाहायला गेलो होतो, तमालेहून लाराबांगाच्या रस्त्याने. तमाले फार आवडलं. संध्याकाळी मशिदीबाहेर चहावाल्याकडे बसलो की पाच जण गप्पांना येतात. कुठेही भीती वाटली नाही.

मुक्ता_नाशिक

भटका, तुमचा अनुभव खराच आहे. पण मोले ज्या सवाना प्रांतात येतं, तिथेच २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमिनीवरून दंगल झाली आणि हजारो लोक सरहद्द ओलांडून आयव्हरी कोस्टमध्ये गेले. म्हणून निघायच्या आठवड्याची बातमी बघायची, मागच्या वर्षीच्या सहलीवर विसंबायचं नाही.

वैद्यबुवा_सोलापूर

सगळे बंदुकीवर बोलताहेत. मी डॉक्टर म्हणून बोलतो, कारण पश्चिम आफ्रिकेतून परतलेले तापाचे रुग्ण माझ्याकडे येतात.

पहिला शत्रू मलेरिया. आपल्याकडे निम्मे लोक मलेरियाला सर्दीसारखं घेतात कारण त्यांनी व्हायवॅक्स हा मलेरियाचा सौम्य प्रकार पाहिलेला असतो. घानात जवळजवळ सगळा फॅल्सिपेरम, म्हणजे जीवघेणा प्रकार. तो दोन-तीन दिवसांत मेंदूवर, मूत्रपिंडावर जाऊ शकतो. तिथले लोक लहानपणापासून झेललेले असतात, आपल्या अंगात ती ताकद नसते. त्यामुळे 'शेजारच्या टेबलावरचा क्वामे ताप अंगावर काढतो' म्हणून आपण काढायचा नाही. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. परत आल्यावरही काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला आधी 'मी घानाहून आलोय' हे सांगायचं. आमच्याकडे लोक हेच सांगत नाहीत आणि आम्ही टायफॉइड शोधत बसतो. प्रतिबंधक गोळ्यांचं, दोन वर्षं राहणाऱ्याने कोणत्या आणि किती काळ घ्यायच्या, ते जाण्याआधी डॉक्टरसमोर बसून ठरवावं.

दुसरं, येलो फीवर. लस आणि पिवळं कार्ड याशिवाय घानात प्रवेश नाही. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. कार्ड हरवलं तर परत येताना आपलंच सरकार सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतं, तेव्हा ते पासपोर्टला चिकटवूनच ठेवा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

तिसरं, उत्तर घाना मेनिंजायटिसच्या पट्ट्यात येतो. डिसेंबरपासून हरमाटानचा कोरडा धुळीचा वारा सुटला की साथ डोकं वर काढते. ही लसही घेऊन जावी.

इंद्रायणीकाठ

वैद्यबुवा, पुणेकर म्हणून एक भर घालू का? मलेरियाच्या आर२१ लशीला जगात सर्वांत आधी मान्यता घानाने दिली, २०२३ च्या एप्रिलमध्ये, आणि ती बनते आमच्या हडपसर-मांजरीच्या सीरममध्ये. ती लहान मुलांसाठी आहे, भावाच्या कामाची नाही. मेनिंजायटिस ए ची मेनआफ्रिव्हॅक पण सीरमचीच, २०१० मध्ये शेजारच्या बुर्किनात पहिल्यांदा दिली गेली. अभिमान वाटतो हो.

वैद्यबुवा_सोलापूर

वाटलाच पाहिजे. आता उलट बाजू सांगतो. टॉवरलाइनचं काम म्हणजे रान तुडवणं. आपलं फुरसं माहीत आहे ना, कोकणात, सोलापुरात भरपूर? त्याच्याच कुळातला साप उत्तर घानात आहे आणि शेतकऱ्यांना सर्वांत जास्त चावतो तोच. पण भारतीय सापांच्या विषावरून तयार केलेली लस त्याच्यावर चालत नाही. घानात एकदा भारतीय लस वापरात आली तेव्हा मृत्यू वाढल्याचं नोंदलं गेलं आहे. म्हणून 'इथून चार कुप्या बॅगेत नेतो' हा विचार करू नका. आफ्रिकी सापांची लस साइटपासून जवळ कुठे मिळते, हे कंपनीला विचारा. आणि गुडघ्यापर्यंत बूट.

चिंतामणी_बोरकर

वाचनखूण साठवली. असा धागा वर्षातून एखादाच येतो.

दर्यावर्दी

आम्ही दाभोळचे, बोटीवरचे. आमच्यासाठी धोका समुद्रात. २०१९ च्या डिसेंबरमध्ये नायजेरियाजवळ एका टँकरवरून १८ भारतीय खलाशी पळवले होते, नाताळाआधी सुटले. गिनीच्या आखातात शिरलो की कुंपणाच्या तारा, रात्रीचा पहारा, सगळं. टेमाच्या धक्क्याला लागलो की मात्र निवांत. बाजारात शिटो मिळतो, मिरची आणि सुकी मासळी तेलात काळी होईपर्यंत परतलेली. आपल्या सुकटीच्या चटणीची सख्खी बहीण. भावाला सांगा, ब्रेडबरोबर खा.

लागोसवाला

शिटोला हात जोडले. पण जोलोफ भात नायजेरियाचाच.

टेमाकर

धागा सुरक्षिततेचा आहे म्हणून सोडून देतो. राजधानी अक्रात हे वाक्य बोललात तर मी जामीन देणार नाही :)

खमंग_फोडणी

जोलोफचा वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देते.

टेमाकर

मुद्द्यावर येतो, कारण सर्वांत मोठा धोका अजून कोणी लिहिलाच नाही. रस्ता.

घानात दरवर्षी दोन हजारांवर माणसं रस्त्यावर मरतात. अक्रा ते तमाले सहाशे किलोमीटरच्या आसपास, कुमासी, टेचिमन, किंटाम्पो करत. बराचसा रस्ता एकेरी पट्ट्यांचा. बुर्किनाहून टोमॅटो-कांद्याचे ट्रक खाली येतात, बंदरातून सिमेंट, तांदूळ वर जातो. ट्रक बंद पडला की तिथेच उभा. मागे दिवा नाही, पट्टी नाही, फार तर झाडाच्या चार फांद्या तोडून रस्त्यावर टाकलेल्या. दिवसा त्या फांद्या दिसल्या की ड्रायव्हर वेग कमी करतो. रात्री त्या दिसेपर्यंत तुम्ही ट्रकखाली असता. उत्तरेकडे काही टापूंत रात्री लुटारूही गाड्या अडवतात. त्यामुळे अक्रा-तमाले विमानाने, आणि साइटवरून अंधार पडायच्या आत मुक्कामी. हा एक नियम पाळला तर अर्धी काळजी मिटली.

शहरातलं थोडं. अक्रात सर्कल, कानेशी भागात फोन हातात नाचवू नका, मोटारसायकलवाले हिसकावतात. रात्री बोल्ट-उबर. मिलिटरी छापाचे कपडे नागरिकांना बंदी आहे. आपल्याकडे ट्रेकला घालतात ती हिरवी-तपकिरी पँट इथे आणू नये. विमानतळ, राष्ट्रपती भवन, सैनिक यांचे फोटो काढू नयेत. जून-जुलैत अक्रा तुंबतं. २०१५ च्या ३ जूनला सर्कलला पुरात पेट्रोलपंपाचा स्फोट झाला आणि दीडशेवर माणसं गेली. उत्तरेला ऑगस्ट-सप्टेंबरात बुर्किनातल्या बाग्रे धरणाचं पाणी सोडतात, पांढरी व्होल्टा फुगते. नदीकाठी टॉवर असतील तर तेही विचारात घ्या.

आणि सोनं! कोणी कितीही गोड बोलला तरी 'स्वस्तात सोनं' या भानगडीत पडू नये. २०२५ मध्ये गोल्डबोर्डाचा (सोन्याचा व्यवहार पाहणारं सरकारी मंडळ) कायदा आला, परदेशी माणसाला स्थानिक बाजारात सोन्याचा व्यापार करायला बंदी आहे. त्यातून फसवणूक तर झालीच, वर तुरुंग.

कागदोपत्री

मी मनुष्यबळ विभागात आहे, बाहेरदेशी माणसं पाठवणं हेच काम. सुरक्षितता करारात दिसली पाहिजे, तोंडी आश्वासनात नाही.

एजंटमार्फत नोकरी असेल तर तो आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते तपासा. घाना त्या १८ देशांच्या यादीत नाही जिथे जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते, म्हणजे कागद तपासणारं मधे कोणी नाही, ते तुम्हालाच करायचंय. वर्क परमिट कंपनी काढणार का, आणि तो हातात यायच्या आधी साइटवर पाठवणार का? पासपोर्ट स्वतःजवळच ठेवायचा. विम्यात आजारपणात विमानाने हलवणं आहे का, आणि दंगल-दहशतवाद वगळलाय का? हे कलम बारीक अक्षरात असतं. 'कंपनी सांगेल त्या ठिकाणी काम' असं वाक्य असेल तर त्यात गावांची नावं घालून घ्या. एका ओळखीच्या मुलाला अशाच वाक्यावर एका कंपनीने दुसऱ्याच देशात हलवलं होतं.

आणि 'सुरक्षा कारणाने काम नाकारलं तर पगार कापणार नाही' हे लेखी. चांगली कंपनी यावर चिडत नाही. चिडली तर तुम्हाला उत्तर मिळालं.

स्पष्टवक्ता

कागदोपत्री यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. एवढं लेखी मिळत असेल तर माझा विरोध थोडा मऊ होतो. पण बावकूच्या बाजूला जायचं असेल तर पगार तिप्पट असला तरी नकोच.

टेमाकर

त्यात आपलं एकमत आहे.

मुक्ता_नाशिक

प्रवाससल्ले कसे वाचायचे, हा रानजाईचा मूळ प्रश्न राहून जातोय. पाश्चात्त्य सरकारं स्वतःच्या नागरिकांसाठी लिहितात, त्यात कायदेशीर जबाबदारी टाळण्याचा भाग असतो. म्हणून देशाचा एकूण रंग सोडून द्यावा आणि जिल्ह्यांची नावं वाचावीत. 'जाऊ नका' यापुढे कारण काय दिलंय? टोळीयुद्ध, अपहरण, की फक्त 'तिथे आमची मदत पोचणार नाही'? तिसऱ्या कारणाला आपण सहसा किंमत देत नाही, पण बोल्गात अपघात झाला तर मोठं रुग्णालय म्हणजे तमालेचं टीचिंग हॉस्पिटल, दोन-तीन तास लांब.

दुसरं म्हणजे तिथल्या बातम्या. तमाले-बोल्गाची एफएम केंद्रं नेटवर ऐकता येतात, घानाची वर्तमानपत्रं इंग्रजीत आहेत. संचारबंदीचे तास कमी केले की वाढवले, एवढं पाहत राहिलं तरी बावकूची नाडी कळते. आणि अक्रातल्या आपल्या उच्चायुक्तालयात पोचल्यावर नाव नोंदवायचं. मालीतल्या घटनेनंतर तरी हे कोणी टाळू नये.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भावाने तुमचे प्रश्न एकेक करून कंपनीला विचारले, आम्ही सगळे फोनभोवती बसलो होतो.

साइटची यादी आली. नाव्रोंगो, पागा, बोल्गा आणि झेबिला. बावकू, गारू नाही. झेबिलाबद्दल भावाने स्पष्ट विचारलं, तर म्हणाले सध्या तिथलं काम स्थानिक ठेकेदार बघतो, पुढे परिस्थिती पाहून ठरवू. भावाने सांगितलं की 'पुढे'चं पण लेखी द्या. त्यावर दोन दिवस मागितले आहेत. विमा आहे, हलवण्याची सोय आहे, पण दंगलीचं कलम वगळलेलं निघालं. कागदोपत्री, तुम्ही नसता तर आम्ही ते पान उलटलंही नसतं. अक्रा-तमाले विमान देणार. ड्रायव्हरचा प्रश्न ऐकून त्यांचा माणूस क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, हे आम्ही स्थानिक व्यवस्थापकाला विचारून सांगतो. सापाच्या लशीचं उत्तर अजून नाही.

आईने एकच विचारलं आहे, तिकडे गणपतीला काय करेल?

टेमाकर

आईंना सांगा, अक्रात गणपती बसतो. घानाचे स्वतःचे हिंदू आहेत, ओडोरकॉरला स्वामी घनानंदांनी स्थापन केलेला आश्रम आहे, आणि विसर्जन थेट अटलांटिक महासागरात होतं. तमालेहून विमानाने सुट्टी टाकून येऊ दे, आमच्याकडे मुक्काम. मोदक बायको करते.

झेबिलाचं लेखी आल्याशिवाय सही करू देऊ नका मात्र. दंगलीचं कलम जादा हप्ता भरून विम्यात घालता येतं, तो हप्ता कंपनीने भरावा.

वैद्यबुवा_सोलापूर

आणि येलो फीवरची वेळ आताच घेऊन ठेवा, सही होवो न होवो. केंद्रं मोजकी आहेत, ठरावीक वारीच लस देतात, शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

रानजाई

हो, आजच फोन करते. दोन दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं की इथेच लिहीन.